पायाकडचा उतार

निवृत्त झाल्यापासून दुपारचं जेवण झालं की मला खिडकीशी बसल्याबसल्या डुलकी लागते, आणि त्या डुलकीत बऱ्याचदा पाटाचं पाणी येतं. आवाज न करता येतं. आधी पाटातून शेताकडे जाणाऱ्या कोरड्या चारीतला पाचोळा हलतो, मग माती काळी होते, मग पाणी दिसतं. गंमत अशी, की मी मूळची जामखेडच्या बाजूची. आमच्या गावाला पाट नव्हताच, टँकर होता. तेव्हा हे पाणी काही माझ्या लहानपणातलं नाही. ते मला साळवे तात्यांनी दिलंय, आणि त्यांच्याविषयीच मला लिहायचं आहे.

नोकरीची सगळी हकिगत सांगत बसत नाही. सव्वीस वर्षं नगरच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा वरिष्ठांनी मला पॅलिएटिव्ह केअरच्या जीपमध्ये बसवलं. घरच्यांना वाटलं, बरं झालं, आता बसून काम. या कामाचं नाव जड आहे, पण काम सोपं सांगता येतं. जो माणूस आता बरा होणार नाही, त्याला बरं वाटावं म्हणून जे करता येईल ते त्याच्या घरी जाऊन करायचं. गोळ्या द्यायच्या, मलमपट्टी करायची, घरच्यांना शिकवायचं, आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचं. हे शेवटचं मला येतं, अशी माझी समजूत होती.

लोकांना वाटतं, आमच्याकडे फक्त कॅन्सरचे पेशंट. पण यादीत पायांचेही पुष्कळ असायचे. पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून बुजत जातात. बिडीने, शुगरने, वयाने. आधी चालताना पोटरी धरते. माणूस रस्त्यात थांबतो, आणि कुणी बघत असेल तर चप्पल नीट केल्यासारखं करतो. पुढे बसल्या जागी दुखायला लागतं. मग बोटं काळी पडतात. काहींचं ऑपरेशन होऊन नळ्या मोकळ्या होतात, काहींचा पाय कापावा लागतो. ज्यांचं दोन्ही होण्यासारखं नसतं, किंवा ज्यांना दोन्ही नको असतं, त्यांच्या दारात आमची जीप थांबायची.

नमुने एकेक भेटले. केडगावला एक निवृत्त गुरुजी होते. बिडी सोडल्याची शपथ त्यांनी माझ्यासमोर तीनदा घेतली. बंडल ते दुखऱ्या पायाच्या मोज्यात ठेवायचे, कारण त्या मोज्यात घरातलं कुणी हात घालणार नाही याची त्यांना खात्री होती. माझा हात दर आठवड्याला तिथेच जातो, एवढंच ते विसरले. बंडल सापडलं तेव्हा मुलांना शिक्षा करताना करत असतील तसा गंभीर चेहरा करून म्हणाले, "जप्त करा." भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे सकाळी दहापर्यंत धुक्यात घरं सापडत नाहीत, तिथे एक म्हातारी होती. तिचा पाय गार पडतो म्हणून सुनेने मायेने वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली. पायाला जाणीवच उरली नव्हती. भाजलंय हे दोघींना दुसऱ्या दिवशी दिसलं. ती सून माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली, पण मी तिला एक शब्द बोलले नाही. त्याच्या आधीच मी साळवे तात्यांच्या घरी जाऊन आले होते.

तात्यांचं गाव राहुरीच्या पलीकडे, चारीच्या अगदी टोकाला. उसाच्या मधून रस्ता. मी या कामावर नवी होते, जेमतेम दोन महिने झाले असतील. त्या मंगळवारी डॉक्टर रजेवर होते, म्हणून मी आणि जीप चालवणारे सय्यदभाई दोघंच गेलो. ओसरीवर भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत एक उंच, हाडकुळा माणूस डावा पाय खाली सोडून बसलेला. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, तांबूस-जांभळा, करंगळी काळी. शेजारी त्यांची बायको जनाकाकू उभी.

"चार म्हयनं झालं शिस्टर," काकू म्हणाल्या. "पाठ म्हनून टेकवली न्हाई. खुर्चीतच बसायचं, खुर्चीतच झोपायचं. झोपायचं म्हंजी काय, मान पडती आन् दचकून उठत्यात."

"तात्या, आडवे का होत नाही?" मी विचारलं.

"आडवं झालं की पाय पेटतो. खाली सोडला की निवतो."

आता बघा, या माणसाने अख्खा रोग दोन वाक्यांत सांगितला होता. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला दिसली ती सूज. सव्वीस वर्षं मी पोटुशा बायकांचे सुजलेले पाय बघितले होते आणि पायाखाली उशी देऊन त्या सुजा उतरवल्या होत्या. हात आपोआप उशीकडे गेला. घरात होत्या त्या दोन उशा मागवल्या, तात्यांना खाटेवर आडवं केलं आणि डावा पाय दोन्ही उशांवर चढवला.

"सूज उतरली की झोप येईल," मी सांगितलं. "थोडं दुखेल, पण काही झालं तरी उशी काढायची नाही."

तात्यांनी उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं" म्हणाले. परतताना मी सय्यदभाईंना सांगितलंसुद्धा, की लोकांना साध्या गोष्टी माहीत नसतात हो. जीपच्या खिडकीतून वारा येत होता आणि मी समाधानाने पेंगत होते.

शुक्रवारी डॉक्टरांबरोबर गेले. तात्या तसेच आडवे, पाय तसाच दोन उशांवर. सूज उतरली होती. पाय धुतलेल्या धोतरासारखा पांढरा पडला होता आणि तात्यांच्या तोंडात टॉवेलचा बोळा होता. बोळ्याला दातांच्या खुणा होत्या.

"तीन दिस डोळ्याला डोळा न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाजही बसला होता. "उशी काढू का म्हनून कितींदा इचारलं. नगं म्हनले. शिस्टरनी सांगितलंय."

डॉक्टर सरळ खाटेशी गेले. त्यांनी स्वतः उशा काढल्या, तात्यांना धरून बसवलं आणि पाय खाटेखाली सोडला. हळूहळू पायात रंग आला. तात्यांनी बोळा काढला आणि लांब श्वास सोडला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

डॉक्टरांकडे रक्ताचा आवाज ऐकवणारं एक छोटं यंत्र होतं. रक्त वाहत असलं की त्यातून फुसफुस ऐकू येते. जांघेत लावलं, जोरात आवाज आला. गुडघ्यामागे लावलं, लांबून कुणी दम टाकावा तसा आला. पावलावर लावलं तर नुसती खरखर. तात्या कान देऊन ऐकत होते.

"हितं पाट भरून चाललाय," ते जांघेवर बोट ठेवून म्हणाले. मग गुडघ्यावर. "हितं झिरापतंय." मग पावलाकडे बघून, "आन् टेलला पानी न्हाई. मधी कुनी फोडलं न्हाई ना डॉक्टर?"

तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, हे मला तेव्हा कळलं. पाटकरी म्हणजे पाटाच्या कडेकडेने चालत जाऊन ज्याची पाळी असेल त्याच्या चारीचं दार उघडणारा, वेळ झाली की बंद करणारा, आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतंय का ते बघणारा माणूस. त्या शेवटच्या टोकाला ते टेल म्हणत. नोकरीचं आयुष्य त्यांनी त्या कडेने चालण्यात आणि चालताना बिड्या ओढण्यात घालवलं होतं.

डॉक्टर काकूंना औषधं समजावत होते तेव्हा मी तात्यांच्या खाटेशी बसले. "तात्या, चुकलं माझं," मी म्हटलं.

"पानी चढाला जात न्हाई, शिस्टर," तात्या सावकाश म्हणाले. "जलमभर त्येच बघितलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी शिकल्याल्या. म्हनलं, रगताचं येगळं आसंल."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तात्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते आपणहून बोलायला लागले. "माज्याकडनं बी एकदा दार उघडं ऱ्हायलं हुतं. एका बाईची मेथी गेली सगळी. ज्यांच्या हिरीवर माज्या बापाला शिवू देत नव्हते, ती मानसं माज्याकडं पानी मागाया यायची, तवा मला बी वाटायचं, आपल्याला समदं कळतं. त्या मेथीनं उतरावलं मला."

"मग काय केलंत?"

"काय करनार. फुडल्या पाळीला आदी तिच्याकडं गेलो."

त्या दिवसापासून मंगळवारी आमची जीप आधी तात्यांकडे जायला लागली. रस्त्यात दुसरी दोन गावं लागायची, तरीही. सय्यदभाईंनी कधी कारण विचारलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीतून पाय कापायला सांगितलं होतं. नळी मोकळी करण्यासारखी नव्हती आणि हृदय इतकं अशक्त, की भुलीतून उठतील का याचीही खात्री कुणी देत नव्हतं. तात्यांनी नको म्हणून सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी त्यांना पुन्हा एकदा सगळं समजावून विचारलं. मुलाने फोनवरून, सुनेने समोरून, सगळ्यांनी विचारलं.

"चालायचं चाललो की मी, लई चाललो," तात्या म्हणाले. "मला आता येकच पायजे. आडवं झोपायचंय. पाठ टेकवून, मानसासारखं. येवढं करा तुमी."

एवढंच मागणं होतं. पुढच्या मंगळवारी आम्ही त्याच्यामागे लागलो. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. नाव ऐकून लोक घाबरतात, पण बेताने दिली तर ही गोळी माणसाला माणसात ठेवते. फक्त पोट साफ होण्याचं औषध बरोबर द्यायचं, नाहीतर पेशंट दुखणं विसरतो आणि दुसऱ्याच गोष्टीसाठी तुमच्या नावाने बोटं मोडतो. गोळीने दुखणं निम्म्यावर आलं होतं. राहिलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उचला. थोडी म्हणजे किती, ते तात्यांनी ठरवलं.

खाट लोखंडी, वर प्लायवूडची फळी. तात्यांनी गादी काढायला लावली. काकूंनी आणि मी डोक्याकडच्या पायांखाली तीन-तीन विटा घातल्या. तात्या समोर खुर्चीत बसून, डोळे बारीक करून बघत होते.

"वत गं पानी," ते म्हणाले.

काकूंनी डोक्याकडून फळीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ पायाकडे धावलं आणि खाली सांडलं.

"लई पळतंय. आसलं पानी माती घिऊन जातं. येक-येक वीट काढा."

विटा काढल्या. पुन्हा पाणी ओतलं. आता ते घाई न करता निघालं, वाटेत फळीच्या खवल्यांत मुरलं, थांबलं, पुन्हा चालायला लागलं. तात्या मान किंचित हलवत त्याच्याबरोबर पायाकडेपर्यंत गेले. "हां," ते म्हणाले. "आता भिजवत चाललंय."

फळी पुसून गादी घातली. उतारावरून माणूस खाली घसरू नये म्हणून उजव्या, चांगल्या पायाला टेकायला भुशाचं पोतं लावलं. हीसुद्धा तात्यांचीच युक्ती. गोळी देऊन तासभर थांबलो आणि मग त्यांना हळूच आडवं केलं. पाठ टेकली तेव्हा त्यांच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. इतके महिने वाकलेली पाठ होती ती. डावा पाय उताराच्या टोकाला सैल पडला होता. आम्ही दोघी त्या पायाकडे बघत बसलो. तो पांढरा पडला नाही. थोड्या वेळाने तात्यांचा श्वास लांबला आणि ते झोपले.

भर दुपार होती. उसातून गरम वारा यायचा, ओसरीवरचा पडदा फुगायचा, पुन्हा खाली बसायचा. काकूंनी कोंबड्या मागच्या अंगणात हाकलल्या, पण हातानेच, तोंडाने आवाज न काढता. रस्त्यावरून गाणी लावलेला ट्रॅक्टर येताना ऐकू आला, तशा त्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने पळत गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभ्या राहिल्या. काय बोलल्या कोण जाणे. ट्रॅक्टरवाल्याने गाणी बंद केली आणि दारासमोरून पाहुण्यासारखा सावकाश गेला. सय्यदभाई जीपमध्ये झोपले. पुढच्या भेटींना उशीर होत होता आणि मला उठता येत नव्हतं. भिंतीला टेकून माझे डोळे कधी मिटले ते कळलं नाही. तेव्हा पहिल्यांदा ते पाणी आलं. कोरड्या चारीतला पाचोळा हलला, माती काळी झाली.

डोळे उघडले तर ऊन ओसरीच्या कडेला गेलं होतं आणि तात्या जागे होऊन माझ्याकडे बघत होते.

"तुमी बी झोपला हुता, शिस्टर."

"तुम्हाला लागली का झोप?"

"टेलला गेल्तो," ते म्हणाले. "चारी वाळल्याली. मी फुडं चाललोय आन् पानी मागनं येतंय."

"पाय नाही दुखला चालताना?"

त्यांनी जरा विचार केला. "पाय कुटं हुता. पानीच हुतं."

त्या झोपेनंतर तात्या सात महिने जगले. सगळे दिवस चांगले नव्हते. गोळ्या वाढवाव्या लागल्या, मध्येच खुर्ची परत आली, पुन्हा गेली. काळं पडलेलं मी कोरडं ठेवायला शिकवलं होतं आणि काकू ते काम माझ्याहून नीट करायच्या. एके दिवशी करंगळी पट्टीबरोबर निघून आली. लपवावी की काय, असं माझ्या मनात आलं, पण तात्यांनी विचारलं आणि मी दाखवली. त्यांनी नीट निरखली. "हिची तशी कामात काय मदत न्हवती," म्हणाले. हसावं की नाही ते काकूंना आणि मला कळेना, मग तात्याच हसले म्हणून आम्हीही हसलो. शेवटी शेवटी ते दिवसाही अर्धे झोपेत असायचे. डोळे मिटून दारांचे नंबर सांगायचे, कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली. मी पट्टी बदलता बदलता हं हं म्हणायचे. तोपर्यंत मला ऐकून घेता यायला लागलं होतं.

एका सकाळी काकूंचा फोन आला. "ह्ये गेले, शिस्टर. झोपेतच. आडवंच."

पोचले तेव्हा दहा वाजले होते. अंगणात माणसं जमली होती. तसबिरींपुढे मेणबत्ती लागली होती. तात्यांना पांढरे कपडे घालून ओसरीवर चटईवर ठेवलं होतं. खाट भिंतीला उभी केली होती आणि तिच्या चार विटा कोपऱ्यात रचल्या होत्या. काकू उशाशी बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष तात्यांच्या पायाकडे होतं.

"ह्यांना सपाट ठिवलंय," त्या म्हणाल्या. "पाय दुखंल."

"वहिनी, आता कसलं दुखनं," एक म्हातारे पाहुणे समजुतीने म्हणाले.

काकूंनी मान वर केली. "शिस्टर, तुमी सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. याच ओसरीवर मी एकदा ठामपणे सांगितलं होतं आणि एका माणसाने तीन दिवस टॉवेल चावत ते पाळलं होतं. मेलेल्या माणसाला दुखत नाही, हे मला शिकवलेलं आहे. पण काकू काय सांगत होत्या ते या वेळी मला ऐकू येत होतं.

"डोक्याखाली उशी द्या," मी म्हटलं. "उतार पायाकडे राहू द्या."

पाहुण्यांनीच तात्यांचे खांदे उचलले. आतून सुनेने उशा आणल्या, दोन. त्या कुठल्या, ते मी ओळखलं. एक मी तात्यांच्या मानेखाली सरकवली आणि दुसरी घेणार, तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला. त्या खाली वाकून, डोळे बारीक करून, डोक्यापासून पायापर्यंत बघत होत्या.

"येकच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दोन दिल्या तर पळंल."